बेटावरचीं साडेपांच वर्षें

“तुम्ही काय बोवा, स्वर्गांतच राहून आलांत!” हा उद्गार ऐकण्याची आम्हांला आतां संवय झाली आहे. शाळेच्या फाटकाशीं मुलाला न्यावयास उभें राहिलें कीं कोणी ना कोणी पालक भेटतात, आणि आम्ही मॉरिशसमध्यें राहत होतों हें कळतांच त्यांच्या डोळ्यांपुढें निळें पाणी, पांढरी वाळू आणि दोन नारळींच्या मध्यें टांगलेला झोपाळा उभा राहतो. या वार्षिकासाठीं कांहींतरी लिहून द्या असा संपादकांनीं आग्रह केला तेव्हां त्यांच्याहि मनांत तोच झोपाळा असावा. त्या झोपाळ्यावर आम्ही साडेपांच वर्षांत फार तर तीनदां बसलों. बाकीचे दिवस कसे गेले तें सांगावें असें वाटलें, म्हणून हें लिहीत आहों.

आम्ही म्हणजे आम्ही दोघें आणि आमचा मुलगा. २०१७च्या नोव्हेंबरांत आम्ही निघालों तेव्हां तो सहा वर्षांचा होता. आमच्यापैकीं एकाला तिकडच्या एका कापड-गिरणीच्या हिशेब-कचेरींत नोकरी मिळाली होती. पगार इकडच्याहून बरा होता, आणि खरें सांगावयाचें तर परदेशीं राहण्याची हौसहि होती. मागें गांवीं, रत्नागिरी जिल्ह्यांत, नाना एकटे होते. नाना हे एकाचे वडील व दुसऱ्याचे सासरे. पण दोघेंहि त्यांना नानाच म्हणत असूं. “तुम्हांला एकटें टाकून कसें जावें?” असें आम्हीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, “अरे, आमच्या लहानपणीं मुंबईस जायचें तर आगबोटींत एक अख्खी रात्र जाई. तुमचें विमान सहा तासांत पोंचतें. मग याला परदेश कशाला म्हणायचें?” या हिशेबांत चूक कोठें आहे तें त्या वेळीं आम्हांला सांपडलें नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, नकाशा काढून पाहा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस एकोणीस अंशांवर आहे, आणि मॉरिशस दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर. अंतर जवळजवळ सारखें, परंतु बाजू उलटी; त्यामुळें ऋतूहि उलटे. तेथें गुलमोहोर फुलतो डिसेंबरांत, लिचीचे घोस बाजारांत येतात तेहि नाताळच्या सुमारास, आणि जुलै महिन्यांत सकाळीं लोकरीचा कपडा अंगावर घ्यावा लागतो. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनहि लहान. त्यावर वस्ती सुमारें साडेबारा लाखांची. २०१८ व २०१९ या दोन वर्षीं तेथें दरसाल सुमारें चौदा लाख प्रवासी आले. घरच्या माणसांहून पाहुणे अधिक! पण हे पाहुणे राहतात किनाऱ्यावर. बेटाच्या मध्यभागीं उंच पठार आहे, आणि नोकरीचाकरी करणारीं पुष्कळ कुटुंबें त्या पठारावर राहतात. तेथें वाळू नाहीं, नारळ नाहींत. ऊस आहे आणि पाऊस आहे.

या पठारावर व्हाक्वा नांवाच्या गांवीं आम्हीं घर घेतलें, आणि घेतांनाच फसलों. कोणीं फसविलें नाहीं. आमच्या भूगोलानें फसविलें. घर दाखविणारा गृहस्थ पुनः पुनः सांगत होता कीं उत्तरेकडे खिडक्या असलेलें घर घ्या. आम्हांला वाटलें, भाडें अधिक मिळावें म्हणून तो आग्रह करीत आहे. आपल्याकडे हिंवाळ्यांत ऊन दक्षिणेकडून घरांत येतें हें आम्ही लहानपणापासून पाहिलेलें. म्हणून मोठ्या ऐटीनें दक्षिणेकडे तोंड असलेलें घर पसंत केलें. तेथें वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगास असतो हें लक्षांत आलें तोंवर सामान लागलें होतें. पाऊस आणणारे वारेहि आग्नेयेकडून येत. जून महिन्यांत एके दिवशीं कपाटांतले चामड्याचे जोडे काढले तों त्यांवर हिरवी लव उगवलेली. मुलाला तें फार आवडलें. तो म्हणाला, “बाबा, बुटांना गवत आलें!”

प्रवाशाला बेट हात जोडून बोलावतें. राहावयास येणाराला मात्र कागद विचारतें. आमचा परवाना नोकरीशीं बांधलेला होता. नोकरी सुटली कीं परवान्याचाहि आधार सुटे. कोणा पालकांच्या मनांत अशा एखाद्या देशीं जाण्याचें असेल तर त्यांनीं किनाऱ्याचीं चित्रें पाहण्याआधीं परवान्याचे नियम वाचावे, आणि आठ दिवसांच्या सहलीवरून घरखर्चाचा अंदाज बांधूं नये. तांदूळ, डाळ, औषधें, पुस्तकें, बहुतेक सर्व कांहीं जहाजानें येतें. वादळानंतर भाजी इतकी महाग होई कीं कोथिंबिरीच्या जुडीकडे आम्ही नुसतें पाहून पुढें जात असूं. २०१८च्या जानेवारींत, म्हणजे आम्ही जाऊन दोन महिने होतात न होतात तोंच, बर्गित्ता नांवाचें चक्रीवादळ बेटाजवळून गेलें. त्या वेळीं तेथें वादळाच्या इशाऱ्याच्या चार पायऱ्या असत. तिसऱ्या पायरीला सर्वांनीं घरांत बसावयाचें, आणि ताशीं १२० किलोमीटरांचा झोत नोंदला गेला कीं चौथी. शेजारीं मेणबत्त्या, पाणी व पाव यांची भरणी करीत होते. आम्ही मात्र गच्चीवर जाऊन ढगांचीं छायाचित्रें घेत होतों. तेव्हां कुंपणापलीकडून एक म्हातारी बाई आमच्यावर ओरडली. शब्द कळले नाहींत, पण सूर ओळखीचा होता. कोंकणांतली कोणतीहि आजी मुलांना पावसांतून घरांत बोलावते, अगदीं तोच.

त्या बाईंचें नांव येथें देत नाहीं. मुलगा त्यांना दादी म्हणूं लागला, आणि मग आम्हीहि. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. बोलत क्रिओल, म्हणजे फ्रेंच शब्दांतून घडलेली बेटाची बोली; वेळीं अवेळीं भोजपुरी; आणि मराठी फक्त गातांना. २०१८च्या गणेशचतुर्थीला त्यांनीं आम्हांला घरीं बोलावलें. तेथें त्या सणाची सरकारी सुटी असते. अंगणांत मंडळी फेर धरून झाकरी नाचत होती. आपल्या कोंकणांतली जाखडी ती हीच. दादी आरती म्हणत होत्या. उच्चार स्वच्छ, चाल आमच्या गांवची. आरती संपल्यावर त्यांनीं आम्हांला बाजूस घेऊन विचारलें कीं, आतां म्हटलें त्याचा अर्थ काय? साठसत्तर वर्षें त्या हे शब्द म्हणत आल्या होत्या. आम्हीं ओळ ओळ सांगितली. त्या ऐकत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “बरें आहे कीं. मला वाटलें होतें त्याहून सोपें आहे.”

आमचा जिल्हा रत्नागिरी हें कळल्यावर त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे पणजोबाहि रत्नागिरीचे. मुंबईहून जहाजानें आलेले. वाचकांस ठाऊक असेल कीं १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांहून अधिक हिंदी मजूर कराराने बांधून या बेटावर आणले गेले. बहुतेक बिहारकडचे, पुष्कळ मद्रासेकडचे, आणि कांहीं थोडे आपल्याकडचे. पोर्ट लुई बंदरांत ते ज्या ठिकाणीं उतरत तें आप्रवासी घाट म्हणून राखलेलें आहे. २००६ सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली. तेथें बंदराकडून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. दादींना घेऊन आम्ही तेथें गेलों तेव्हां मुलगा त्या पायऱ्या मोठ्यानें मोजूं लागला. दादींनीं त्याला गप्प केलें नाहीं. त्याच्याबरोबर त्याहि मोजूं लागल्या, क्रिओलमध्यें.

या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवल्या आहेत. दादींना तेथें कधीं जावेंसें वाटलें नव्हतें, आतां वाटलें. अर्ज केला, आणि ठरल्या दिवशीं आम्ही सगळीं गेलों. पणजोबांची नोंद सांपडली. अनुक्रमांक, जहाजाचें नांव, बापाचें नांव, वय बावीस, उंची, कपाळावर डावीकडे व्रण. छायाचित्र नव्हतें. जिल्हा रत्नागिरी. आणि गांव? गांवाचें नांव कोणा कारकुनानें कानाला आलें तसें इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें, आणि नेमका त्याच्या शेपटीवर शाईचा डाग. आरंभींचें ‘नांद’ तेवढें स्पष्ट. आम्हीं तेथेंच बसून नानांना दूरध्वनि केला. नानांनीं क्षणभरहि विचार न करतां तीन गांवें सांगितलीं: जयगडाजवळचें नांदिवडें, कणकवलीकडचें नांदगांव आणि मालवणकडचें नांदोस. शेवटलीं दोन आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहेत. पण १९८१ पर्यंत तोहि भाग रत्नागिरीचाच होता.

त्या दिवसापासून नानांना एक उद्योगच मिळाला. ते रोज रात्रीं नऊ वाजतां आम्हांला दूरध्वनि करीत. मॉरिशसचें घड्याळ आपल्याहून दीड तास मागें. म्हणजे आमच्याकडे साडेसात वाजलेले असत. पूर्वीं बोलणें प्रकृति, पाऊस आणि आंब्याचा मोहोर यांवर होई; आतां दादींच्या पणजोबांवर होऊं लागलें. डिसेंबरांत ते एस्. टी.नें नांदिवड्यास जाऊन आले. त्या आडनांवाचें एकहि घर तेथें नव्हतें, कोणाला कांहीं आठवत नव्हतें, आणि परतीची गाडी चुकल्यामुळें त्यांना एका अनोळखी घरीं मुक्काम करावा लागला. तें सर्व त्यांनीं इतक्या आनंदानें सांगितलें कीं सांपडलें असतें तरी याहून अधिक आनंद झाला नसता. “उरलीं दोन तुम्ही आलांत कीं बरोबर जाऊन पाहूं,” असें ते म्हणाले.

आम्ही २०१९च्या दिवाळींत येणार होतों. तिकिटें पाहिलीं, तिघांचीं मिळून दोन महिन्यांचें घरभाडें होत होतें. मे महिन्यांत स्वस्त मिळतील, आंबेहि खावयास मिळतील, असा विचार करून बेत पुढें ढकलला. नानांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, “मे बराच. नांदोसला तेव्हां फणसहि असतील.” आणि वांचलेल्या पैशांतून आम्हीं दिवाळींत किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहांत दोन रात्री काढल्या. आरंभीं सांगितलेल्या तीन झोपाळ्यांपैकीं दोन ते. हें लिहावयास अवघड जातें, तरी लिहितों. कारण आम्हांला जाण्याची साधनें होतीं, वेळहि होता, आणि आम्ही गेलों नाहीं.

पुढचें सर्वांनीं अनुभवलेलें आहे. २०२०च्या मार्चांत कोरोनाची साथ आली. मॉरिशसनें आपलीं दारें लाविलीं, हिंदुस्थाननेंहि विमानें बंद केलीं. बेटावर कांहीं दिवस मोठीं दुकानेंहि पूर्ण बंद होतीं. मग आडनांवाच्या आद्याक्षराप्रमाणें वार ठरवून दिले गेले. दादींचा वार वेगळा, आमचा वेगळा. एकमेकांच्या याद्या कुंपणावरून देऊन आम्ही एकमेकांचें सामान आणीत असूं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं साडेसात वाजले आणि दूरध्वनि आला नाहीं. आठ वाजतां आम्हीं केला. कोणी उचलला नाहीं. नऊ वाजतां चुलतभावाचा आला. नाना दुपारीं जेवून पडवींत आडवे झाले होते, ते उठलेच नाहींत.

अग्नि चुलतभावानें दिला. आम्हांला तें मोबाईलच्या पडद्यावर पाहावयास मिळालें, म्हणजे अर्धवट मिळालें. गांवांत तो यंत्राचा संदेश धड येत नाहीं, चित्र मध्येंच थांबे, आणि पुन्हां चालूं होई तेव्हां माणसें दुसरीकडेच उभीं दिसत. खांद्यावर घेऊन निघालेले आम्हांला दिसले नाहींत. धूर दिसला. मुलगा विचारीत होता, आजोबा कोठें आहेत? सहा तासांचें अंतर, आणि कितीहि तास दिले तरी तें कापतां येत नव्हतें. नानांच्या हिशेबांतली चूक आतां आम्हांला सांपडली, पण दाखवावयाची कोणाला?

दादी त्या संध्याकाळीं कुंपणापाशीं येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे येण्याची मनाई होती. बराच वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्या त्यांच्या त्या तीन भाषांच्या मिश्रणांत म्हणाल्या, “तुम्हांला त्याच दिवशीं कळलें. माझ्या पणजोबाची आई कधीं गेली तें त्याला कळलेंच नसेल. आणि तो गेला तें तिकडे कोणाला?” त्यांचा हेतु सांत्वनाचा होता कीं नाहीं हें आजहि आम्हांला सांगतां येणार नाहीं. त्यांनीं एक झांकलेली बशी कुंपणावरून पुढें केली. आंत धाल-पुऱ्या होत्या. पुरण वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचें; दिसावयास पुरणपोळीच, पण गोड नाहीं. चहूंकडे ऊस असलेल्या बेटावर आपली पोळी साखरेवांचून कशी राहिली याचें आम्हांला नेहमीं नवल वाटे. त्या रात्रीं तेंच बरें वाटलें. गोड घशाखालीं गेलें नसतें.

दहाव्या दिवशीं आम्हीं मागच्या अंगणांत केळीच्या पानावर भात ठेवला. आमच्या त्या भागांत कावळा कधीं दिसत नसे. तासभर वाट पाहिली. शेवटीं एक साळुंकी आली, इकडे तिकडे पाहिलें आणि भाताला चोंच लाविली. हें चालतें कीं नाहीं हें विचारावयाचें तर ज्यांना विचारावें तेच राहिले नव्हते. नानांना पांखरांचें वेड होतें, एवढ्यावर आम्ही समाधान मानलें.

त्याच वर्षीं २५ जुलैला वाकाशिओ नांवाचें मोठें मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळांवर चढलें, आणि ६ ऑगस्टपासून त्यांतलें तेल समुद्रांत पसरूं लागलें. सुमारें एक हजार टन. निळें पाणी काळें झालें. सरकारी यंत्रांची वाट न पाहतां लोक माहेबूर गांवीं जमले आणि कापडाच्या लांब पिशव्या शिवून, त्यांत उसाचा वाळला पाला भरून, त्यांचे बांध समुद्रावर तरंगते सोडूं लागले. कोणी डोक्याचे केंसहि कापून दिले, कारण केंस तेल शोषतात. आम्हीहि एका रविवारीं गेलों. मुलगा आठनऊ वर्षांचा. तो दिवसभर पाला भरीत होता. प्रवासी एकहि नव्हता. आमचा परवाना कोणीं विचारला नाहीं. संध्याकाळीं एका अनोळखी कोळ्यानें मुलाचे काळे झालेले हात गोडें तेल लावून पुसून दिले आणि त्याला क्रिओलमध्यें कांहीं म्हटलें. मुलगा हंसला. काय म्हणाला असें विचारलें, तर मुलानें सांगितलें, “तूं इथलाच ना, म्हणून विचारलें. मी हो म्हटलें.” आम्ही दोघेंहि घरीं येईपर्यंत फारसें बोललों नाहीं.

१ ऑक्टोबर २०२१ रोजीं बेटाचीं दारें पूर्ववत् उघडलीं, तेव्हां डिसेंबरांत आम्ही गांवीं आलों. नानांच्या पडवींत त्यांची एक वही होती. तींत ‘नांदिवडें’ यावर आडवी रेघ, आणि खालीं दोन नांवें कोरी. परत व्हाक्वास गेलों खरे, परंतु तेव्हांपासून परत येण्याविषयीं घरांत बोलणें सुरू झालें. आम्हां दोघांचें एकमत होतें असें नाहीं. एकाचें म्हणणें, ज्यांच्यासाठीं परतावें ते आतां नाहींत. दुसऱ्याचें, मुलगा घर म्हणतो तें व्हाक्वाला म्हणतो, आणि आणखी चार वर्षांनीं त्याला हलवितां येणार नाहीं. तो तिकडच्या शाळेंत मराठी शिकत असे. होय, तेथील सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. पण तो घरीं येऊन “माताजी, भोजन सिद्ध आहे काय?” असें विचारी तेव्हां हंसावें कीं काळजी करावी हें समजत नसे. २०२३च्या मे महिन्यांत नोकरीचा करार संपला, तो आम्हीं वाढविला नाहीं. जूनमध्यें मुलगा या शाळेंत दाखल झाला.

पहिले कांहीं महिने त्याला कठीण गेले. वर्गांत कोणी चिडवीत असे, कोणी “तिकडे शाळा वाळूवर भरते का?” असें विचारी. तो चिडे. आतां चिडत नाहीं. बहुधा या शाळेंतल्या मित्रांनाच त्याचें श्रेय.

गेल्या दिवाळींत आम्ही तिघें नांदगांवास जाऊन आलों. एका घरीं एक वृद्ध गृहस्थ म्हणाले कीं त्यांच्या कुळांतला एक मुलगा फार पूर्वीं आगबोटीवर गेला तो परत आला नाहीं. आडनांव जुळत नव्हतें. पण त्या काळीं नोंद करणाऱ्यानें आडनांव बरोबर लिहिलें असेल असें तरी कोठें आहे? कपाळावरच्या व्रणाविषयीं विचारलें, तर त्यांना अर्थातच ठाऊक नव्हतें. आम्हीं वहींत नांदगांवापुढें रेघ मारली नाहीं, खूण केली. नांदोस राहिलें आहे. या मे महिन्यांत जावयाचें ठरविलें आहे, आणि तिकिटांचा प्रश्न या वेळीं एस्. टी.चा आहे.

रोज रात्रीं नऊ वाजतां मुलगा दादींना दूरध्वनि करतो. त्यांच्याकडे साडेसात वाजलेले असतात. त्यांना आतां कमी ऐकूं येतें, म्हणून तो मोठ्यानें बोलतो आणि शेजाऱ्यांना सारी क्रिओल फुकट ऐकावयास मिळते. काल त्या विचारीत होत्या कीं नांदोसला समुद्र आहे का. मुलानें नकाशा उघडला, बोटानें अंतर मोजलें, आणि “थोडा लांब आहे, पण वारा येत असेल,” असें त्यांना सांगितलें.